चाळ सोडल्यावर पायात काय?

कथकच्या क्लासचं दार शोधायला पाटी वाचावी लागत नाही. जिन्यात जिथे चपलांचा ढीग दिसेल तिथे थांबायचं. पुण्यातल्या अशाच एका जिन्यात मी आयुष्याची बरीच वर्षं चपला काढल्या आणि घातल्या. त्या ढिगाकडे बघत बसायची खोडही तेव्हाचीच. आत ताईंचं सगळं लक्ष पावलांवर असायचं. टाच कुठे पडली, चवडा आधी उठला का, आवाज पोकळ आला की भरीव. दीड तास पावलाइतकं महत्त्वाचं जगात दुसरं काही नसायचं. मग जमिनीला नमस्कार करायचा, चाळ सोडायचे, पिशवीत भरायचे आणि बाहेर येऊन तेच पाऊल ढिगात जे सापडेल त्यात कोंबायचं. कुणाची तळ झिजून पापडासारखी झालेली हवाई चप्पल, कुणाची मावसबहिणीच्या लग्नात घेतलेली खड्यांची सँडल, तर कुणाची एका नंबराने लहान, पण सेलमध्ये मिळाली म्हणून घेतलेली मोजडी.

आपण अनवाणी नाचतो, तेव्हा चपला-बुटांचा विचार बॅलेवाल्यांनी करावा, आपला काय संबंध, असा एक समज आपल्याकडे आहे. मला तो उलटा वाटतो. बॅले नाचणारीच्या पायाला नाचताना निदान काहीतरी आवरण असतं. कथक, भरतनाट्यम किंवा लावणी करणारीच्या पायाला नाचताना जमिनीशिवाय दुसरं काही भेटत नाही. ती उरलेल्या दिवसात जे पायात घालते तेवढीच काय ती त्या पायाची विश्रांती. आणि ही विश्रांती पाच-दहा हजारांना विकत घ्यावी लागते असंही नाही. फक्त ती कशात आहे हे कळायला पाऊल काय काम करून आलंय ते आधी बघायला हवं.

साधा हिशेब करू. तीनतालाच्या सोळा मात्रा, लय मिनिटाला साठ मात्रांची, म्हणजे अगदी सोयीची मध्यलय. बराबरीत तत्कार केला तर मिनिटाला साठ पावलं पडतात. चौगुनीत गेलात की एका मात्रेत चार, म्हणजे मिनिटाला दोनशे चाळीस. पाच मिनिटं चौगुन चालली की बाराशे, दर पायाचे सहाशे आघात झाले. हा झाला रियाजातला एक तुकडा. त्यात चक्करं धरली नाहीत, तिहाया धरल्या नाहीत, आणि पायात बांधलेल्या शंभर-दीडशे घुंगरांचं वजनही धरलं नाही. भरतनाट्यममध्ये हिशेब वेगळा लागतो. तिथे अर्धमंडलात गुडघे वाकवून, पावलं बाहेरच्या बाजूला वळवून बसायचं आणि त्या अवस्थेत तट्टडवूत पूर्ण तळवा आपटायचा, नाट्टडवूत टाच टेकवायची, कुदित्तमेट्टडवूत चवड्यांवर उडी घेऊन टाचा खाली आणायच्या. लावणीत तर पायात किलोकिलोंचे चाळ असतात आणि मैफल जमली की रात्र कुठे संपते ते कळत नाही.

हे सगळं कशावर चालतं? चांगल्या नृत्यशाळेत लाकडी जमीन असते आणि तिच्या खाली किंचित दबणारी चौकट असते. आपल्याकडचे बहुतेक क्लास मात्र कुणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात चालतात. खाली शहाबादी फरशी, कोटा किंवा गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल आणि तिच्याखाली काँक्रीट. फरशी दबत नाही, तेव्हा दबायचं काम पायाला करावं लागतं.

आणि पाऊल ते काम फार हुशारीने करतं. एका पावलात सव्वीस हाडं असतात. टाचेखाली जवळपास दीड-दोन सेंटिमीटर जाडीची चरबीची गादी असते. पण ती सुट्टी चरबी नव्हे, चिवट तंतूंच्या छोट्या छोट्या कप्प्यांत ती बंद केलेली असते, म्हणूनच आघात झाला की दबते आणि पुन्हा जागेवर येते. अंगठ्याच्या बुडाशी, चवड्याखाली, वाटाण्याएवढी दोन सुटी हाडं असतात. सबंध भार अंगठ्यावर येतो तेव्हा तीच खालून टेकू देतात. आणि टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याच्या आतून एक जाड पट्टा ताणलेला असतो. टाचदुखीच्या संदर्भात डॉक्टर ज्याला प्लांटर फॅशिया म्हणतात तो हाच. हा पट्टा काय करतो हे बघायचं असेल तर आत्ता खुर्चीवर बसल्या बसल्या पाऊल जमिनीवर टेकवा आणि हाताने नुसता अंगठा वर उचला. पावलाची कमान आपोआप उचलली जाईल. जे. एच. हिक्स या ब्रिटिश संशोधकाने १९५४ साली ही क्रिया नीट मांडली आणि तिला दोर गुंडाळणाऱ्या यंत्राची उपमा दिली. आपल्याकडे तेच यंत्र विहिरीवर असायचं. अंगठा वर गेला की रहाट फिरतो, पट्टा गुंडाळला जातो आणि कमान ताठ होते. चालताना दर पावलाला टाच उचलली की हा रहाट फिरतो.

नाचाने हाड मोडतं ही गोष्ट वैद्यकात जुनी आहे, आणि तिचा एक नायक खुद्द डॉक्टरच होता. लिव्हरपूलचे शल्यविशारद रॉबर्ट जोन्स नाचताना पायाची टाच उचललेली असताना बाहेरच्या कडेवर भार पडून जायबंदी झाले. करंगळीच्या मागचं लांब हाड मोडलं होतं. क्ष-किरण तेव्हा नवे होते. जोन्सनी आपल्याच पायाचं चित्र काढून घेतलं आणि १९०२ साली तशाच आणखी काही रुग्णांसह ते प्रसिद्ध केलं. त्या जागेच्या अस्थिभंगाला आजही त्यांचंच नाव आहे. नाचायची हौस अशी कामी आली.

तर असं पाऊल दीड तास राबून दाराबाहेर येतं आणि त्याला मिळते हवाई चप्पल.

हवाई चपलेशी माझं वैर नाही. बाथरूमपासून वाण्यापर्यंत तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण तिची रचना पाहा. ती पायाला मागून धरत नाही, बाजूने धरत नाही. पायानेच तिला धरून ठेवायचं असतं, अंगठा आणि शेजारचं बोट आवळून. दर पावलाला टाच उचलली की चप्पल निसटू बघते आणि बोटं तिला पकडतात. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात २००८ साली झालेल्या अभ्यासात अशी चप्पल घातलेल्या लोकांची पावलं स्पोर्ट्स शूज घातलेल्यांपेक्षा आखूड पडत असल्याचं दिसलं होतं. आता जिने दीड तास बोटांनी जमीन पकडून तोल सांभाळलाय, तिची बोटं घरी जातानाही तेच करत राहतात. वर म्हटलेला रहाट फिरायला अंगठा वर वळायला हवा, आणि इथे तर तो खाली आवळलेला. पोटरीत गोळा येणं, बोटांच्या पेरांवर घट्टे पडणं, सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत सुई टोचल्यासारखं होणं, या तक्रारींमागे एकटी चप्पल असते असं मी म्हणणार नाही, पण ती हातभार मात्र लावते.

दुसरं टोक म्हणजे बॅलेरिना. हिची गंमत अशी की ती नाचातूनच रस्त्यावर आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चामडी बुटांवर रेशनिंग आलं, तेव्हा क्लेअर मॅकार्डेल या फॅशन डिझायनर बाईंनी आपल्या कपड्यांबरोबर घालायला कापेझिओ या नृत्यपादुका करणाऱ्या कंपनीच्या सपाट चपला वापरल्या. त्याही आधीपासून, १८८७पासून, ही कंपनी न्यूयॉर्कमध्ये नाचणाऱ्यांसाठीच बूट करत होती. पॅरिसमध्ये रोझ रेपेटो यांनी १९४७ साली आपल्या मुलासाठी, नर्तक रोलाँ पेती याच्यासाठी, पादुका करायला घेतल्या. १९५६ साली त्यांनी ब्रिजित बार्दोसाठी रस्त्यावर घालायची आवृत्ती केली. बार्दो नटी होण्याआधी बॅले शिकलेली होती. तिथून ही सपाट, पातळ, पुढून निमुळती किंवा गोल, पावलाचा पुढचा भाग जेमतेम झाकणारी चप्पल जगभर गेली आणि फिरत फिरत आपल्या तुळशीबागेत तीनशे रुपयांना येऊन बसली.

आणि नाचणाऱ्या मुलींना ती आवडते. हलकी असते, पर्समध्ये मावते, पंजाबी ड्रेसवरही चालते, आणि नावातच नाच. पण स्टेजवर जी गोष्ट गुण होती तीच रस्त्यावर दोष ठरते. नर्तकीला जमीन जाणवावी म्हणून तळ पातळ ठेवला होता. डांबरी रस्त्यावर जमीन जाणवून काय करायचंय? मागच्या बाजूला टाच धरून ठेवणारा कडक भाग नाही, म्हणून ती सुटू नये यासाठी काठाला इलॅस्टिक ओवतात आणि ते टाचेवर कापतं. पुढे बोटं जिथे संपतात त्याच्याआधीच चप्पल निमुळती होते. अंगठा आतल्या बाजूला ढकलला जातो. अंगठ्याच्या बुडाचं हाड बाहेर येऊ लागलं असेल, आजीच्या पायाला असतं तसं, तर या चपलेने ते वाढायलाच मदत होते. ज्या चपलेचं नाव नाचावरून पडलं, तीच नाचून आल्यावर घालायला सगळ्यात वाईट, हा माझा अनुभव.

मधे कोल्हापुरी येते, आणि तिच्याबद्दल लिहिताना मी जरा पक्षपाती होणार. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्याच वळणाच्या चपला आधी नाव न घेता दाखवल्या, तेव्हा कोल्हापुरात केवढा गहजब झाला ते सगळ्यांना आठवत असेल. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं चामडं, पुढून रुंद तळ, बोटांना मोकळी जागा, अंगठ्याला स्वतंत्र कडी. पायाच्या आकाराचा मान राखणारी चप्पल म्हणून ती मला कुठल्याही बॅलेरिनापेक्षा कितीतरी शहाणी वाटते. सुरुवातीला चावते, मग तेल पाजलं आणि आठ-दहा दिवस घरात वापरली की पायाचा साचा घेते.

पण पक्षपात इथे संपतो. तिचा तळ कडक आणि सपाट. काँक्रीटवर नाचून आलेल्या टाचेला पुन्हा कडक चामड्यावर उभं करण्यात तिचा काही फायदा नाही. मागून पट्टा नाही. पाऊस लागला की चामडं फुगतं आणि तळ घसरतो. तेव्हा कार्यक्रमाला, लग्नाला, ऑक्टोबर ते मे या काळात थोडं चालायला कोल्हापुरी जरूर वापरावी. रियाजाहून परत येताना मात्र तिला सुटी द्यावी.

मग घालायचं काय? उत्तर फारसं देखणं नाही हे आधीच सांगते. मागे पट्टा असलेली, वेल्क्रोने घट्ट-सैल करता येणारी सँडल, जिला दुकानदार फ्लोटर म्हणतात. तळ दोन-अडीच सेंटिमीटर जाड, टाच चवड्यापेक्षा अगदी थोडी उंच, पावलाची कमान टेकेल असा आतून उंचवटा, पुढून ऐसपैस. बस्स.

फ्लोटरच का, बूट का नाही, याचं उत्तर त्या जिन्यातल्या ढिगातच आहे. पाश्चात्त्य देशांतला बूट माणूस सकाळी घालतो आणि रात्री काढतो. आपल्याकडे पादत्राण दिवसातून दहा वेळा निघतं: घराच्या दारात, देवळात, क्लासला, कधी दवाखान्यातसुद्धा. जयपूरच्या डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूर फूट केला त्यामागे हीच गोष्ट होती. परदेशी कृत्रिम पाय बुटात लपेल अशा बेताने केलेले असत. आपल्या माणसाला अनवाणी चालता यायला हवं, मांडी घालता यायला हवी, उकिडवं बसता यायला हवं. १९८१च्या अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन त्याच पायावर पुन्हा भरतनाट्यमला उभ्या राहिल्या आणि पुढे ‘नाचे मयूरी’त स्वतःचीच भूमिका त्यांनी केली. सांगायचा मुद्दा हा की आपल्याकडे चपलेला उंबरठा असतो. जी पटकन निघत नाही ती वापरली जात नाही. नाडीचे बूट कितीही चांगले असले तरी क्लासच्या दारात मागून पाच मुली ढकलत असताना कुणी नाड्या सोडत बसत नाही. मग मागचा भाग पायाने चेपून बुटाची स्लिपर होते आणि ज्यासाठी पैसे मोजले तो टाचेचा आधार पहिल्या महिन्यात जातो. वेल्क्रोचा पट्टा उघडायला दोन सेकंद लागतात.

गाव कुठलं, याचाही विचार करावा. पुण्यात बहुतेकजणी दुचाकीवर येतात. सिग्नलला पाय टेकवताना हवाई चप्पल मागे राहिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि हिरवा दिवा लागल्यावर तिच्यासाठी वळून आलेली मुलगीही. मागचा पट्टा इथे नुसता आराम नाही, सुरक्षितता आहे. मुंबईत लोकलने दादर किंवा अंधेरी गाठणारीचा प्रश्न निराळा. तिच्या बोटांवर दिवसातून दोनदा तरी कुणीतरी उभं राहणार. तिने पुढून बंद, मागून पट्ट्याची सँडल घ्यावी, किंवा कॅनव्हासचा बूट. बाटाचा शाळेच्या पीटीचा पांढरा कॅनव्हास बूट १९३०च्या दशकात बाटानगरमध्ये भारतीय शाळकरी मुलांसाठीच तयार झाला आणि आजही मिळतो. तळ सपाट असतो, तेव्हा त्यात शंभर-दोनशे रुपयांची मऊ इनसोल टाकावी. एवढ्या स्वस्तात एवढा चालणारा बूट मला दुसरा ठाऊक नाही.

रबराच्या, भोकं असलेल्या क्लॉगसारख्या चपला तरुण मुलींत फार आहेत. त्या वाईट नाहीत. पुढून रुंद, हलक्या, धुता येतात, पावसात चालतात. फक्त मागचा पट्टा वरच्या बाजूला सजावटीसारखा ठेवतात तो मागे घ्यावा, नाहीतर तीही हवाई चप्पलच. जर्मन बिर्केनस्टॉकचा कमानीच्या आकाराचा तळ नावाजलेला आहे, पण त्या एका जोडीची किंमत बऱ्याच जणींच्या क्लासच्या महिन्याच्या फीपेक्षा कितीतरी जास्त. तिच्या वळणाच्या फोमच्या चपला रस्त्यावर पाचशे-सातशेला मिळतात. त्यांत हात घालून कमानीचा उंचवटा खरा आहे की नुसता छापलेला, ते बघून घ्यावं.

किमतीचं म्हणाल तर चांगली फ्लोटर हजार-बाराशेपर्यंत येते. दोनशेच्या हवाई चपलेशी तुलना करून आई नाक मुरडते, पण हिशेब दिवसांत करून पाहा. दोनशेची चप्पल रोज घातली तर चार महिन्यांत तिचा अंगठा तुटतो: दिवसाला एक रुपया सदुसष्ट पैसे. बाराशेची सँडल दीड वर्ष चालली तर दिवसाला दोन रुपये बावीस पैसे. फरक पंचावन्न पैशांचा. शिवाय कोपऱ्यावरच्या चर्मकार काकांकडून पट्टा शिवून घेतला आणि टाचेला रबर मारून घेतलं की दीडाची दोन वर्षं होतात आणि हिशेब उलटा फिरतो. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी पाच टक्के झाला आहे. आधी हजारापर्यंत बारा आणि त्यावर अठरा होता. म्हणजे पूर्वी हजारावरच्या सँडलवर लागणारा अठरा टक्क्यांचा भुर्दंड आता राहिलेला नाही.

खरेदीला संध्याकाळी जावं, शक्य तर क्लासनंतर. दिवसभरात आणि नाचून पाऊल थोडं सुजतं, आणि चप्पल त्या पावलाला बसायला हवी. दोन्ही पाय घालून उभं राहून बघावं, कारण डावं-उजवं सारखं नसतं. मोठ्या पावलाचा नंबर घ्यावा. लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नंबरावर विसंबू नये. इंग्लिश नंबर एकाने वाढला की लांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते, युरोपियन वाढला की पावणेसात मिलिमीटरच्या आसपास, आणि दोन्हींत रुंदीचा पत्ताच नसतो. खरी अडचण रुंदीची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मोजमापं घेतली, तेव्हा आपली पावलं युरोप-अमेरिकेच्या साच्यांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली आहे. बाजारात ती रुळेपर्यंत आपण एक घरगुती युक्ती करू शकतो. कोऱ्या कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवायची, तो आकार कापायचा आणि पिशवीत ठेवायचा. दुकानात सँडलच्या तळावर तो कागद ठेवला की कुठल्या बाजूला बोट बाहेर पडतंय ते विक्रेत्याशी वाद न घालता कळतं. मी हे करते तेव्हा विक्रेते माझ्याकडे बघत राहतात, पण आता माझी काही हरकत नसते.

मग चप्पल हातात घेऊन वाकवून पाहावी. बोटं जिथे वाकतात तिथेच, चवड्याच्या रेषेत, ती वाकायला हवी. मधोमध दुमडली तर कमानीला आधार शून्य. आणि ‘एकदम मऊ’ या शब्दाला भुलू नये. दुकानात अंगठ्याने दाबलं की रुतणारा फोम पंधरा दिवसांत बसतो, आणि बसला नाही तरी त्यात उभं राहणं म्हणजे गादीवर तोल सांभाळणं. दीड तास तोल सांभाळून आलेल्या घोट्याला पुन्हा तेच काम. किंचित दबणारा पण लगेच परत येणारा तळ हवा. स्पोर्ट्स शूज घेतलेत तर हीच कसोटी लावा, आणि शक्य असेल तर दोन साध्या जोड्या आलटून पालटून वापरा. एकच महागडी जोड रोज घातली तर घाम सुकत नाही आणि फोमलाही उसंत मिळत नाही. पॉलियुरेथेनच्या तळाचे बूट माळ्यावर जपून ठेवायच्या फंदात पडू नका. हवेतल्या दमटपणाने तो तळ आतून कुजतो आणि दोन-चार वर्षांनी बाहेर काढून घातलात की रस्त्यात वडीच्या चुऱ्यासारखा गळून पडतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या लोकांना हा प्रकार चांगला माहीत आहे.

जुनी चप्पल टाकण्याआधी उलटी करून बघावी. भरतनाट्यम करणाऱ्या पुष्कळ मुली रस्त्यातही पावलं बाहेर वळवून चालतात, बदकासारख्या, आणि त्याचा त्यांना अभिमानही असतो. त्यामुळे भार आतल्या कमानीवर येतो. टाचेची एकच कड झिजली असेल तर चालण्याकडे लक्ष द्यायला हवं. अर्धमंडल क्लासमध्ये, रस्त्यात पावलं सरळ.

घरी आल्यावर काय, हा प्रश्न राहतोच. मणिपालच्या डॉक्टरांनी २३०० मुलांची पाहणी करून १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचं प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढलेल्या मुलांत २.८ टक्के आढळलं. त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त. तेव्हा मुलांना घरात, मातीत, हिरवळीवर अनवाणी खेळू द्यावं, यात शंका नाही. पण हा अभ्यास कमान घडण्याच्या वयातल्या मुलांचा आहे. पस्तिशीतली बाई टाइलवर दोन तास नाचून आली आणि पुन्हा टाइलवर उभी राहून पोळ्या लाटू लागली तर तिला या आकड्यांचा उपयोग नाही. तिने स्वयंपाकघरात घालायला एक वेगळी, धुतलेली, मऊ चप्पल ठेवावी. सासूबाई आधी काहीतरी म्हणतील, मग स्वतःसाठीही मागवतील.

टाचांच्या भेगांचं मात्र चपलेशी थेट नातं आहे. मागून उघड्या चपलेत टाचेची गादी दोन्ही बाजूंना पसरते आणि कोरडी कातडी काठाला फाटते. रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून कोकमतेल चोळावं. कोकणात हा उपाय जुना आहे आणि तो स्वस्तही आहे. मात्र दगडाने घासून तळवा गुळगुळीत करू नका. नाचणारीच्या तळव्याचा घट्टा हे तिचं कमावलेलं कातडं आहे. तो पातळ ठेवावा, पण पूर्ण काढला तर पुढच्या क्लासला फोड येतो.

साल्सा किंवा बॉलरूम करणाऱ्यांना एकच सांगणं: सुएडच्या तळाचे नाचाचे बूट घालून जिना उतरू नका. एका खडीने तो तळ वाया जातो. ते पिशवीत, पायात साधी सँडल.

आणि एका ठिकाणी चपलेचा उपाय थांबतो. बोट टेकवून दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, सूज असेल, नाचताना दुखणं वाढून रात्री विश्रांतीतही राहत असेल, तर तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. तेव्हा नवी इनसोल नको, अस्थिरोगतज्ज्ञ हवा. आणि क्लासला सुटी हवी, हे ताईंना सांगायचं धैर्यही.

माझ्या फ्लोटर चॉकलेटी आहेत, जाड तळाच्या, आणि मुलीच्या मते भीषण. मराठीत पायाला होतं ते ‘कुरूप’ आणि दिसायला वाईट तेही ‘कुरूप’. यातलं पहिलं टाळायचं तर दुसरं पत्करावं लागतं असं मी तिला समजावते. तिला पटत नाही. पण गेल्या पावसाळ्यात क्लासच्या दारातून तिच्या नव्या बॅलेरिना गेल्या. लाइट गेलेली, जिन्यात पाणी, सगळ्याजणी मोबाइलच्या उजेडात जोड्या शोधत होत्या. ढिगाच्या तळाशी माझ्या सँडल जागच्या जागी होत्या, कुणी पाहिल्यासुद्धा नव्हत्या. त्या मी तिच्या पायात चढवल्या, पट्टे आणखी आत ओढले, आणि मी अनवाणीच गाडीपर्यंत गेले.